निमुळता सिगार नेमका कुठे कापायचा? (एक वाया घालवलाय, एक उरलाय)

टिळकपुलाखाली | शुक्रवार, रात्री ११:४०

मंडळी, प्रश्न चैनीचा आहे, त्यामुळे आधीच कान धरतो. मी सिगार ओढणारा नाही. वर्षाकाठी चार सिगरेटी, त्याही कुणी पुढे केल्या तर. पण धाकटा मेहुणा माद्रिदहून आला आणि येताना दोन सिगार घेऊन आला. माँटेक्रिस्टो नंबर २, क्युबाचे. एका टोकाला जाड आणि उघडा, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीसारखा निमुळता होत बंद. "दाजी, टोक कापून ओढायचा," एवढं सांगून साहेब नाशिकला निघून गेले.

गेल्या रविवारी पहिला काढला. कटर घरात कुठला असणार? दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेतली. तोंडात नीट मावेल आणि धूरही भरपूर येईल अशा हिशोबाने निमुळता भाग जिथे संपतो तिथेच, म्हणजे टोकापासून चांगलं तीन सेंटिमीटरवर, कात्री चालवली. आधी तो चपटा झाला, मग कचकन तुटला. दुसऱ्या झुरक्याला वरचं पान सुटायला लागलं ते थेट कोबीचा गड्डा सोलल्यासारखं. पंधरा मिनिटांत हातात निव्वळ भुसा. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

या रविवारी तो परत येतोय आणि उरलेला एक आम्ही दोघांनी मिळून ओढायचं ठरलंय. तर कुठे कापू, कशाने कापू, किती कापू? यूट्यूबवर बघितलं, पण सगळे सरळ सिगारच कापून दाखवतात. या टोकदार प्रकरणाचं कुणी बोलत नाही.

---

मी_पार्लेकर | शुक्रवार, रात्री ११:५८

अडकित्ता आहे ना घरात? मग झालं की! वर थोडा चुना लावा, कात घाला. 😄

(हलके घ्या. उत्तर मलाही हवंय, म्हणून वाचनखूण साठवतोय.)

---

सुपारीबाग | शनिवार, सकाळी ७:१०

पार्लेकर, थट्टा बाजूला ठेवा, मी हा प्रयोग केलेला माणूस आहे. श्रीवर्धनचा असल्यामुळे घरात तीन अडकित्ते, एक तर आजीच्या माहेरून आलेला पितळी मोराचा. आतेभावाच्या लग्नात कुणीतरी सिगार वाटले, तेव्हा मोठ्या रुबाबात अडकित्त्याने कापायला गेलो.

जमत नाही. अडकित्त्याला धार एकाच पात्याला असते, खालचा दांडा फक्त टेकू देतो. सुपारी कडक, ती त्या दोघांच्या मध्ये फुटते. सिगार म्हणजे मऊ पानांची वळकटी, तो फुटत नाही, दबतो. पातं अर्ध्यात पोचेपर्यंत उरलेला अर्धा भाग दांड्यावर चेपलेला असतो, आणि पान बरोब्बर तिथेच चिरतं. धागाकर्त्यांच्या कात्रीचंही तेच झालं असणार. दुधाच्या पिशवीची कात्री म्हणजे आधीच बोथट.

---

धूम्रकेतू | शनिवार, सकाळी ९:२५

निवृत्त बोटीवाला. इंजिनात एकतीस वर्षं काढली, हवानाला दोनदा उतरलो, आणि असले टोकदार सिगार स्वतःच्या हाताने भरपूर बिघडवले. आता कापतो ते नीट. सविस्तर लिहितो.

टिळकपूल, तुमची मूळ चूक कात्री नव्हे, तीन सेंटिमीटर. उत्तम कटर असता तरी तिथे कापल्यावर तो सुटलाच असता.

का, ते सांगतो. सिगारमध्ये आत भरणीची पानं, त्यांना बांधून ठेवणारं एक जाडसर पान, आणि सगळ्यांत वर ते देखणं गुळगुळीत पान. हे वरचं पान बुडाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, तिरपं गुंडाळत डोक्यापर्यंत आणतात आणि डोक्याला वनस्पतीच्या डिंकाने चिकटवतात. अख्ख्या सिगारवर खरा चिकटवलेला भाग तेवढाच, आपण त्याला टोपी म्हणू. टोपीचा थोडा तरी काठ शिल्लक राहिला तर वरचं पान जागेवर राहतं. पूर्ण टोपी उडवली की धोतराचा सोगा सुटला.

सरळ सिगारला ही टोपी कुठे संपते ते कळतं, कारण तिथे खांदा असतो. डोकं गोल वळायला लागतं त्याच्या वरच कापायचं, बस. निमुळत्याला खांदाच नाही. खालपासून वरपर्यंत एकसारखा बारीक होत जातो, त्यामुळे नवखा माणूस थेट जाड भागावर जातो. तुम्ही तेच केलंत.

मग करायचं काय? सिगार खिडकीशी नेऊन उजेडात तिरपा धरा. टोकाजवळ पानाची शेवटची पट्टी फिरलेली बारीक रेघ दिसेल. बोटाने फिरवलं तर नखालाही लागते. ही तुमची लक्ष्मणरेषा. कापायचं ते कायम तिच्या वर, टोकाच्या बाजूला.

पहिला काप फक्त ३ मिलिमीटरचा. हो, तीनच. हातात आल्यावर वाटेल की हे काय कापलं, नखाएवढं. मग न पेटवता ओठात धरा आणि ओढून बघा. उसाच्या रसाच्या स्ट्रॉत बर्फ अडकल्यासारखी ओढ लागली तर आणखी एक-दीड मिलिमीटर. पुन्हा ओढा. शहाळ्याच्या स्ट्रॉसारखं सहज यायला लागलं की थांबा. बहुतेक वेळा ५-६ मिलिमीटरच्या आसपास हे जमतं. मी १० च्या पुढे कधी जात नाही.

लोक या टोकाला अडचण समजतात, मला तीच त्याची गंमत वाटते. सरळ सिगारला भोक केवढं हवं ते जवळजवळ ठरलेलं असतं. इथे तुम्ही हळूहळू वाढवत स्वतःच्या ओढीप्रमाणे ठरवू शकता. फक्त एक, कापलेलं परत जोडता येत नाही.

हत्यार: दोन्ही बाजूंनी पाती येतात तो दोन पात्यांचा कटर. दोन्हीकडून एकदम काप बसतो, म्हणून दबत नाही. सुपारीबागांनी अडकित्त्याचं कारण अगदी बरोबर सांगितलंय. साधा असला तरी चालेल, पण धार नवी हवी. कापण्याआधी टोक जिभेने किंचित ओलं करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, म्हणजे कोरडं पान तडकत नाही. पाती आधी नुसती टेकवा, डोळ्याच्या उंचीला धरून जागा बघा, आणि मग एका दमात मिटा. घाबरत घाबरत दाबलं की चेपलंच म्हणून समजा.

आणि तो पंच नावाचा प्रकार, डोक्याला गोल भोक पाडणारा, निमुळत्यासाठी कुणी दिला तर हात जोडून परत करा. त्याला सपाट डोकं लागतं. इथे टोकच पंचाहून बारीक, भोक पाडणार कशात?

---

टिळकपुलाखाली | शनिवार, सकाळी ९:५०

धूम्रकेतू काका, साष्टांग. हे वाचून सिगार खिडकीशी नेला. रेघ दिसली! टोकापासून साधारण १२ मिमीवर. म्हणजे गेल्या रविवारी मी तिच्याही खाली पाऊण इंच घुसलो होतो.

कंपासपेटीतल्या पट्टीने लांबी मोजली, १५५-१५६ मिमी भरली. मुलीने विचारलं, "बाबा, कसला प्रोजेक्ट?"

---

त्रिज्यावर्ग | शनिवार, सकाळी १०:३०

लांबी बरोबर मोजलीत. या सिगारची जाडी ५२ रिंग गेज. रिंग गेज म्हणजे एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले किती, म्हणजे ५२ म्हणजे २०.६ मिमी. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी.

काकांनी मिलिमीटर-मिलिमीटर करत जा म्हटलंय, त्यामागचं गणित साधं आहे. भोकाचा व्यास ६ मिमीवरून ९ झाला तर आपल्याला वाटतं दीडपट. पण धूर येतो तो क्षेत्रफळातून, आणि ते ३६ ला ८१ या प्रमाणात वाढलं. सव्वादोनपट! निमुळत्या भागात पट्टीवर जरा खाली सरकलं की ओढ एकदम मोकळी होते ती यामुळेच. आणि फार मोकळी झाली की सिगार भराभर जळतो, धूर गरम येतो, तोंड पोळतं.

---

मी_पार्लेकर | शनिवार, सकाळी १०:४१

सकाळी सकाळी दहावीचं भूमिती. कृपा करा.

---

वैद्यकाकू | शनिवार, दुपारी १२:१५

कुणाचा मूड घालवायचा नाही, पण एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. "सिगारचा धूर आम्ही छातीत घेत नाही" हे मी ओपीडीत कायम ऐकते. बरोबर आहे, बहुतेक जण घेत नाहीत. पण सिगारचा धूर सिगरेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर यातून होतो. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाहेर पदपथावर बसलेले नातेवाईक दादरकरांना रोज दिसतातच, तिथल्या रांगा बघून मग ठरवा.

टिळकपूल, आठवड्याभरापूर्वी एक अर्धामुर्धा ओढलात, आता दुसरा. सिगार ओढणारा नाही म्हणताय तर हा शेवटचाच राहू दे. आणि मुलगी घरात असेल तर गच्चीवर जा.

---

टिळकपुलाखाली | शनिवार, दुपारी १२:३२

काकू, मान्य. हा संपला की संपला, मेहुण्यालाही तसं सांगितलंय. गच्चीवरच जाणार. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींनी बघितलं तर दुसरा धागा काढावा लागेल.

---

हाजीअलीचा_हाजीर | शनिवार, दुपारी २:०५

धूम्रकेतू काकांशी एका बाबतीत असहमत. निमुळता सिगार सरळ आडवा कशाला कापायचा? तिरपा कापा, ४५ अंशात. भोक लांबट होतं, ओठात छान बसतं, आणि दिसायलाही झकास. मी कायम तसाच कापतो. दुबईत असताना एका म्हाताऱ्या लेबनीज साहेबाने शिकवलं होतं.

---

धूम्रकेतू | शनिवार, दुपारी ३:४०

हाजीर, तिरपा काप मीही केलाय, चुकीचा नाही. पण जे कापायला शिकतायत त्यांना तो सांगू नये. तिरप्या कापाची एक बाजू टोकाजवळ राहते, दुसरी बाजू खाली उतरते, आणि ती रेघेच्या खाली कधी गेली ते कळतही नाही. पान सुटतं ते त्याच बाजूने. तुमचा हात बसलाय, तुमचं चालतं.

इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडणाऱ्या कटरबद्दलही थोडं तसंच. काही जण निमुळत्याला वापरतात. पण खोल खाच पाडणारा असेल तर एवढ्याशा टोकात ती फार आत जाते. ज्याच्याकडे एकच सिगार आहे त्याने हे प्रयोग करू नयेत.

---

गिरगावचा_सहाणवाला | शनिवार, संध्याकाळी ५:२०

कटर कुठे मिळेल म्हणाल तर फोर्टात आणि कुलाब्याला तंबाखूची दोन-चार चांगली दुकानं आहेत, तिथे. चोरबाजारात जुने पितळी किंवा चांदीचा मुलामा दिलेले छान मिळतात, पण पाती हमखास मेलेली. मी एक घेतला, स्वतः सहाणेवर लावला, तरी वर्तमानपत्राच्या कागदावर फाडतोच. धार बघायची असेल तर कागदाची सुरळी करून कापून बघा. काठ गुळगुळीत आला तर घ्या, दातेरी आला तर दुकानदाराला नमस्कार करून निघा.

मुलाच्या वस्तऱ्याचं नवं पातं हाही एक मार्ग. पण सिगार गोल फिरवत कापायचा, वरून दाबून नाही. आणि बोटं सांभाळा.

---

सुपारीबाग | शनिवार, संध्याकाळी ६:००

जाता जाता: काठाला पान थोडं उचललं गेलं तर डिंकाच्या लाडवांत घालतो तो खायचा डिंक, दोन खडे, चमचाभर पाण्यात विरघळेपर्यंत भिजवा. बोटाने अगदी पातळ लावा आणि मिनिटभर दाबून धरा. माझा त्या लग्नातला सिगार याच्यावरच तरला. फेविकॉल लावू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

---

हाजीअलीचा_हाजीर | शनिवार, संध्याकाळी ६:१२

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

निवांत_नायगाव | शनिवार, रात्री ८:४५

सगळे कापण्यावर बोलताय, ठेवलाय कुठे हे कुणीच विचारत नाही? सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेला नीट राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत त्याहून कितीतरी जास्त दमटपणा. ओलावलेला सिगार कितीही धारदार कटरने कापलात तरी किंचित दबतो आणि पेटता पेटत नाही. उलट एसीत किंवा फ्रिजमध्ये ठेवलात तर सुकून तडकतो. मुंबईच्या गरमीत तंबाखूचा किडाही होतो, मग पानावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. कापलेल्या टोकातून नव्हे, त्या भोकांतून हवा शिरते.

टिळकपूल, बोटांनी हलकं दाबून बघा. ताज्या भाकरीसारखा दबून परत वर आला तर ठीक. कुरकुरला तर कापायच्या आधी दोन दिवस घट्ट डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुडीसोबत ठेवा.

---

टिळकपुलाखाली | शनिवार, रात्री ९:०३

दबून वर आला. पण निवांतराव, एक कबुली. तो गोदरेजच्या कपाटात, बायकोच्या पैठण्यांच्या खाली होता. डांबरगोळ्यांसकट.

---

निवांत_नायगाव | शनिवार, रात्री ९:१०

अरे देवा. मग कापायचा प्रश्न गौण आहे हो. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा आणि वास घेऊन बघा.

---

मी_पार्लेकर | शनिवार, रात्री ९:१५

क्युबाचा तंबाखू, येवल्याची पैठणी आणि डांबरगोळी. फ्यूजन.

---

टिळकपुलाखाली | सोमवार, रात्री १०:२०

मंडळी, कालचा वृत्तांत. उशीर झाला, माफी.

वास घेतला, डांबरगोळीचा अंश नव्हता. ती नळी वाचवून गेली. मेहुण्याने सिगार अल्युमिनियमच्या बंद नळीत आणले होते. पहिला मी नळीतून काढून थेट कात्रीखाली घातला होता, म्हणून नळीचं महत्त्व कळलं नव्हतं.

कटर फोर्टात घेतला. सहाणवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे दुकानातच बिलाच्या कागदाची सुरळी करून कापून बघितली. दुकानदार म्हणाला, "साहेब, कागद ओढणार का?" दुसऱ्या कटरचा काठ स्वच्छ आला, तो घेतला.

गच्चीवर मी आणि मेहुणा. आधी पहिल्या सिगारची हकिगत सांगून टाकली. तो इतका हसला की खालच्या मजल्यावरून खिडकी लावल्याचा आवाज आला. मग मोबाइलचा टॉर्च मारून रेघ शोधली, पेनाने टिंब करू का म्हणालो तर त्याने हात धरला. टोक ओलं केलं, पाती टेकवली. काकांचं "एका दमात" मनात घोकत होतो तरी पहिल्यांदा हात अडला. मग मिटलंच. टक्. तीन मिलिमीटरची बारीक टोपी माझ्या तळहातावर पडली, आत पानांच्या गुंडाळ्या दिसत होत्या, लाकडाच्या वर्तुळांसारख्या.

ओढून बघितलं, बर्फवाली स्ट्रॉ. आणखी एक काप, अंदाजे दीड मिमी. जरा बरं. तिसरा काप मेहुण्याने केला, तेव्हा एकदम शहाळं. एकूण सहा मिमीच्या आत. रेघ अजून सहा मिमी खाली, शाबूत.

पान शेवटपर्यंत सुटलं नाही. पण साधारण निम्मा जळल्यावर टोकाला कडवट, चिकट चव यायला लागली. आम्हाला वाटलं सिगार खराब. मेहुणा म्हणाला विझवू. काका, हे का होतं?

---

धूम्रकेतू | सोमवार, रात्री १०:५५

शाबास! हे लिहायचं राहिलं होतं, चूक माझी. भोक बारीक, सगळा धूर तिथूनच जातो, त्यामुळे ओल आणि डांबर त्या टोकाशीच साठतं आणि जिभेला लागतं. निमुळत्या सिगारला हे जास्त होतं. अर्ध्यावर आल्यावर त्याच टोकाचा आणखी एक-दोन मिलिमीटर काप घ्यायचा, म्हणजे साठलेलं कापून जातं. म्हणून तर सुरुवातीला रेघेच्या वर जागा राखून ठेवायची. तुमच्याकडे सहा मिमी शिल्लक होती की! फार भरभर ओढलात तरी कडू होतो. मिनिटाला एक झुरका पुरे.

---

नवखा_धूर | सोमवार, रात्री ११:३०

अख्खा धागा वाचला. माझ्याकडे एक आहे, तो दोन्ही टोकांना निमुळता आहे. मधे फुगीर, ढोलकीसारखा. मग दोन्हीकडे कापायचं का?

---

धूम्रकेतू | मंगळवार, सकाळी ६:५०

नाही! याला परफेक्टो म्हणतात. ज्या टोकाजवळ कागदाची पट्टी आहे ते डोकं, फक्त तिकडेच कापा, वर लिहिलं तसंच. दुसरं टोक पेटवायचं, त्याला हात लावू नका. ते जवळजवळ बंद असतं, म्हणून पहिले काही झुरके अडतील. जळत जळत जाड भागाशी आलं की आपोआप मोकळं होतं. घाईने तिकडेही कापलंत तर कारागिराची अर्धी मेहनत पायाशी पडली. असले आकार वळायला सगळ्यांत कसलेल्या हातांकडे देतात.

---

टिळकपुलाखाली | मंगळवार, सकाळी ८:१५

काका, पुढच्या वेळी... नाही, काकूंना शब्द दिलाय. मेहुण्याकडून माहिती पुढे जाईल.

ती कात्री मात्र बायकोने केरात टाकली. म्हणते, दुधाला तंबाखूचा वास येतो. दादर स्टेशनच्या बाहेरून नवी आणली, ३० रुपये.